न मोजलेली हरिणी

आमची आई गोठ्यातली गुरं कधीच पुरी मोजत नसे. गुरं रानातून परत आली की ती गोठ्याच्या दारात उभी राहायची आणि पहिल्या गाईला 'लाभ' म्हणायची, धान्य मापताना पहिल्या मापाला म्हणतात तसं. मग दोन, तीन, चार करत शेवटच्या जनावरापर्यंत यायची आणि तिथे थांबायची. ते मोजायचं नाही. पुरा आकडा तोंडातून बाहेर पडला की दृष्ट लागते, असा तिचा ठाम समज होता. गोठ्यात सात जनावरं असली तर विचारणाऱ्याला सहा सांगायची.

पोरांचंही तसंच. आम्ही चार भावंडं, पण कुणी विचारलं की आई "तीन" म्हणायची आणि थोरल्या तिघांकडे बोट दाखवायची. मी शेंडेफळ, मी त्यात नसायचोच. मला याचा भयंकर राग यायचा. एकदा शाळेचे मास्तर घरी आले होते, तेव्हा त्यांच्यासमोरच मी पाय आपटून विचारलं, "मगे मी कोणाचो?" मास्तर हसले. आई हसली नाही, ती मास्तरांच्या चहाचं आधण ठेवायला आत गेली.

राग असा की मोठेपणीही गेला नाही. आणि गंमत बघा, आईची जी खोड मला सोसत नव्हती तीच मी गाठीला बांधून देवगडहून बहरीनला नेली.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. पहिली काही वर्षं मी अस्करला अॅल्युमिनियमच्या कारखान्यातल्या कामगारांची बस चालवली. शिफ्ट सुटली की माणसं सीटवर बसल्या बसल्या झोपायची आणि मी आरशात पन्नास झोपलेली तोंडं बघत गाडी हाकायचो. काम वाईट नव्हतं, पण माझं डोकं उठायचं. अशात कळलं की बेटाच्या दक्षिणेला प्राण्यांसाठी मोठं रान राखलंय आणि तिथे पाहुण्यांना फिरवायला गाइड हवाय, गाडी चालवता येणारा. मुलाखतीत विचारलं, जनावरांची माहिती आहे का? मी म्हणालो, लहानपणापासून गुरं राखली आहेत. विचारणारा हसला, पण नोकरी दिली.

रान म्हणजे आपल्याकडचं रान नव्हे. खडकाळ माळ, मधे मधे बाभळी आणि बोरीची झाडं. तिथे बोरीला सिद्र म्हणतात, पण बोरं तीच. एका अंगाला आफ्रिकेहून आणलेले झेब्रे आणि शहामृग, दुसऱ्या अंगाला अरबस्तानातली जनावरं: लांब सरळ शिंगांचे पांढरे ओरिक्स आणि रीम. रीम म्हणजे वाळूच्या रंगाचं लहानसं हरीण. उभं राहिलं तर दिसतं, बसलं की माळात विरघळून जातं. माझ्याकडे वीस सीटांची गाडी होती. शुक्रवारी सुट्टी, त्या दिवशी रिफा आणि मनामाहून कुटुंबंच्या कुटुंबं यायची आणि गाडीत चढता चढता सगळ्यांचा एकच प्रश्न, सिंह कुठे आहे? सिंह नाही म्हटलं की निम्मी गाडी हिरमुसायची. एकदा मुंबईचं एक मराठी कुटुंब आलं होतं. मी जीव तोडून मराठीत रीमबद्दल सांगत होतो आणि त्यांची मुलगी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "इट्स जस्ट अ गोट." बाप ओशाळला. मी मात्र गाडी तिथेच बंद केली आणि म्हटलं, आता पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, नुसतं बघायचं. चौथ्या मिनिटाला त्या 'गोट'ने उभ्या जागेवरून अशी उडी घेतली की मुलीचं तोंड उघडंच राहिलं.

रोजच्या फेरीनंतर एक कागद भरायचा असे. कोणते प्राणी किती दिसले, त्याचा तक्ता. रीम होत्या तेवीस. मी बावीस लिहायचो.

मुद्दाम लिहायचो असंही नाही आणि चुकून तर नाहीच. बघता बघता तोंडात लाभ, दोन, तीन यायचं आणि शेवटच्या एकीशी जीभ थांबायची. शेवटाला उरायची ती नेहमी एकच. मी नोकरीला लागलो त्याच वसंतात ती जन्मली होती. पाडस असताना कुंपणाच्या तारेत तिचा डावा कान फाटला, तेव्हा तो माझ्याच डोळ्यांदेखत फाटला आणि मी काही करू शकलो नाही. तेव्हापासून ती माझी. गाडी आली की बाकीच्या पांगायच्या, ही एक पाऊल पुढे टाकून फाटका कान हलवायची. तिला मोजायला माझा हात धजायचा नाही.

फोटोचा नाद मला पुण्याच्या एका इंजिनिअरमुळे लागला. हे गृहस्थ अदलियाला राहायचे आणि दर शुक्रवारी लांब नळीची लेन्स घेऊन पहिल्या फेरीला हजर असायचे. दुसऱ्या पाहुण्यांसारखे ते कधी "जवळ घ्या, जवळ घ्या" म्हणाले नाहीत. कापडी पिशवीत तांदूळ भरून ती खिडकीच्या काठावर ठेवायचे, तिच्यावर लेन्स टेकवायचे आणि श्वास रोखून बसायचे. तांदूळ बघून मला वाटलं, हे डबा घेऊन आलेत. तसं म्हणालोसुद्धा. ते म्हणाले, "अहो, हात थरथरतो, तांदूळ थरथरत नाही." पुढे त्यांनी स्वतःचा जुना कॅमेरा मला वापरायला दिला, अटी घालून. वाळू जाता कामा नये, गाडीत उन्हात ठेवायचा नाही आणि फिल्म फुकट घालवायची नाही. मी त्यांना पुणेकर म्हणायचो आणि ते मला गाइडमहाराज. डबे भरून चकल्या आणायचे आणि मोजून दोन द्यायचे. त्यांचं मोजणं पुरं असायचं.

ऐंशी साल उलटून तीन-चार वर्षं झाली, तेव्हा एका हिवाळ्यात नवे डॉक्टर आले. सुदानचे, गुरांचे डॉक्टर, उंच आणि सावकाश बोलणारे. आल्या आल्या त्यांनी वर्षभराचे कागद काढले. जन्म आणि मृत्यूच्या नोंदींचा हिशोब तेवीस सांगत होता आणि माझा कागद रोजच्या रोज बावीस. त्यांनी स्वतः दोनदा जाऊन मोजल्या. एकदा एकवीस भरल्या, एकदा वीस, कारण रीम नवख्या माणसाला उभी राहत नाही. फेब्रुवारी संपता संपता त्यांनी मला खोलीत बोलावलं.

"एक कमी आहे," ते म्हणाले. "मेली असती तर सांगाडा सापडला असता. म्हणजे कुंपण कुठेतरी फुटलंय. एक गेली तर उरलेल्याही जातील. वरच्या ऑफिसचा हुकूम आहे, सगळा कळप जाळ्यात घ्यायचा, एकेकीच्या कानाला नंबर लावायचा आणि नक्की आकडा द्यायचा. दहा दिवसांनी माणसं येतील."

मी म्हणालो, "डॉक्टर, आता नको. माद्या गाभण आहेत."

"मला माहीत आहे. मी तेच लिहून पाठवलं होतं. ते म्हणतात, उन्हाळा आला की मुळीच पकडता येणार नाहीत. तुझाच कागद आहे ना हा? मग आणखी काय करू?"

जाळ्याचं काम मी आधी एकदा बघितलं होतं. माणसं रांग धरून हाकारत येतात, हरणं जिवाच्या आकांताने पळतात आणि जाळ्यात आदळतात. त्या वेळी एकीची मान मोडली होती. दुसरीला काहीच लागलं नव्हतं, तरी ती संध्याकाळी नुसती भीतीने मेली. अंगातली धास्ती रक्तात उतरते, असं तेव्हाचे डॉक्टर म्हणाले होते. माझी फाटक्या कानाची त्या फेब्रुवारीत पोटाने इतकी भरली होती की बसताना आधी गुडघे टेकून विचार करायची.

खोलीबाहेर आलो आणि पाण्याच्या टाकीला लाथ मारली. पाय सुजला, टाकीला काही झालं नाही. हे सगळं माझ्यामुळे होत होतं. खरं सांगावं तर रोज खोटा कागद भरणारा गाइड म्हणून मला घरी पाठवतील, कारण व्हिसा नोकरीला बांधलेला. न सांगावं तर ती मरणार. मी माझ्या स्वभावाप्रमाणे तिसरी वाट काढली. तेवीसच्या तेवीस माद्या-नर फोटोत पकडायचे आणि डॉक्टरांच्या टेबलावर मांडायचे. जनावरं ओळखायला कानात नंबर कशाला? मला प्रत्येकीचं तोंड पाठ होतं. कुणाच्या नाकावरचा पट्टा तिरका, कुणाचं शिंग आत वळलेलं, कुणाच्या बगलेवरची रेघ मधेच तुटलेली. तेवीस वेगळे चेहरे दिसले की कुंपण शाबूत आहे हे सिद्ध होईल आणि जाळं टळेल. कागदावर बावीस का, असं विचारलं तर सांगू की एक नेहमी झुडपामागे असते. सबब तयार होती.

पुणेकरांना मी एवढंच सांगितलं की हरणं वाचवायची आहेत आणि दहा दिवस आहेत. त्यांनी चार फिल्म दिल्या.

अडचण गाडीची होती. पाहुण्यांच्या गाडीपासून रीम चाळीस पावलांवर राहतात, तेवढ्यावरून चेहरा नीट येत नाही. पण रोज सकाळी हौदात पाणी भरायला टँकर जातो, त्याला त्या घाबरत नाहीत. उलट गळक्या नळाखाली तोंड लावायला धावत येतात. टँकर चालवायचे कणकवलीकडचे एक काका, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, तोंडाने फटकळ. मी त्यांच्या शेजारच्या सीटवर तांदळाची पिशवी घेऊन बसू लागलो. सूर्य उगवून वर येईपर्यंत तासभर मिळायचा. काका पाणी सोडून विडी ओढत बसायचे आणि मी श्वास रोखून. चार दिवसांत तेवीस चेहरे झाले. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

शुक्रवारी दुपारी पुणेकरांच्या न्हाणीघरात फिल्म धुऊन फोटो छापले. खिडकीला घोंगडी, बल्बला लाल कागद, आणि त्यांच्या बायकोच्या स्टीलच्या तीन ताटांत औषधं. पाण्यातून एकेक चेहरा वर यायचा आणि मी तो ओळखायचो. ही म्हातारी, ही भांडकुदळ, हा नवा नर. फाटक्या कानाची आली तेव्हा मला एकदम गहिवरून आलं आणि पुणेकरांनी ते बघून न बघितल्यासारखं केलं. सगळे फोटो वाळत घातले. मग त्यांनी चष्मा पुसला, दोरीसमोर दोनदा येरझारा घातल्या आणि म्हणाले, "गाइडमहाराज, घोटाळा आहे."

"कसला?"

"या बाराजणी डावीकडून काढल्यात, या अकरा उजवीकडून. ही डावी आणि ही उजवी, ही दोन हरणं आहेत की एकच? तुम्हाला ठाऊक आहे. डॉक्टरांना कसं पटवणार?"

मी त्यांच्याशी भांडलो. म्हणालो, मला कळतं म्हणजे झालं. ते शांतपणे म्हणाले की तुम्हाला कळतं म्हणूनच तर फोटो काढायची वेळ आली आहे. पुणेरी माणूस बरोबर असला की त्याचा फार राग येतो. मी चकली न खाता निघून आलो आणि रिफापर्यंत टॅक्सीत तणतणत बसलो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा टँकरवर होतो. उरलेल्या अकराजणींची डावी बाजू हवी होती आणि हातात पाच सकाळी होत्या.

हौद असा बांधला होता की टँकर एकाच बाजूने लागायचा. त्यामुळे ज्या पूर्वेकडून यायच्या त्यांची डावी दिसायची आणि पश्चिमेकडून येणाऱ्यांची उजवी. मी काकांना म्हणालो, टँकर पलीकडच्या बाजूने, उलटा लावा. त्यांनी आधी माझ्या सात पिढ्या उद्धरल्या, मग लावला. हरणांना तो उलटा टँकर पटला नाही. दोन सकाळी एकही जवळ आली नाही, लांबून नुसत्या बघत राहिल्या. तिसऱ्या सकाळी तहान जिंकली. मी एका पायावर बसलो होतो, त्याला मुंग्या आल्या, माशी ओठावर बसली, पण हललो नाही. त्या दिवशी सहा झाल्या, दुसऱ्या दिवशी चार. एक राहिली, आणि ती नेमकी फाटक्या कानाची. तिची उजवीच माझ्याकडे होती. फाटका कान डावा, त्यामुळे डावी बाजू तर हवीच होती. दोन दिवस ती पाण्यावर फिरकली नव्हती.

शेवटच्या सकाळी काका विडी विझवून म्हणाले, "तू काय ता एकदा खरा सांग. ह्यो सगळो खटाटोप कित्याक?"

मी सांगितलं. लाभ, आई, बावीस, सगळं.

काकांनी विझलेली विडी कानामागे खोचली. मग म्हणाले, "आवशीचा आवशीकडे ठेवूचा. हंय कागद वाचणारो माणूस आसा. डॉक्टराक जावन सांग."

"सांगलंय तर माका घराक धाडतीत."

"धाडूंदेत. ती गाभण जाळ्यात मेली तर तुका जेवान जातला काय?"

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, तुम्ही टँकर चालवा, मला अक्कल शिकवू नका. त्यांनी खरंच टँकर चालू केला आणि एक अक्षर न बोलता हौद सोडून बोरींच्या रांगेकडे वळवला. तिथे सावलीत ती बसली होती, आमच्याकडे डावी बाजू करून. इंजिन बंद झालं. तिने गुडघे टेकले, मागचे पाय उचलले, विचार केला आणि उठली. मग फाटका कान हलवला. मी तीन फोटो काढले. उतरताना काकांचे पाय धरले, ते "सोड रे" म्हणून खेकसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तेवीस डाव्या बाजू घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेलो आणि टेबलावर मांडल्या. त्यांनी चष्मा लावला. एकेक फोटो उचलून दुसऱ्याशेजारी धरला, पट्टे बघितले, शिंगं बघितली. अर्धा तास गेला. मी उभाच होतो. शेवटी त्यांनी बोटाने मोजलं.

"तेवीस," ते म्हणाले. "माशाल्ला. कुंपण चांगलं आहे. जाळ्याची माणसं मी आजच थांबवतो."

माझ्या अंगावरून ओझं उतरलं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "मग कागदावर वर्षभर बावीस का?"

मी तयार सबब पुढे केली. म्हणालो, एक आहे, ती नेहमी झुडपामागे बसते, फेरीच्या वेळी दिसत नाही.

"कोणती?"

मी विचार न करता फाटक्या कानाच्या फोटोवर बोट ठेवलं.

डॉक्टरांनी तो फोटो हातात घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. "रोज कळपापासून वेगळी बसते? वर्षभर?" ते म्हणाले. "असं जनावर आजारी असतं. क्षय असू शकतो. तो बाकीच्यांना लागेल. सगळा कळप नको, पण हिला पकडून तपासावंच लागेल. उद्याच."

मी माझ्याच तोंडाने तिला जाळ्यात ढकललं होतं. खोलीत पंखा फिरत होता आणि फोटोंचे कोपरे हलत होते. मला व्हिसा आठवला, घरी पाठवायचा मनीऑर्डरचा फॉर्म आठवला, आणि विमानतळावर परत जाणाऱ्या माणसांचे पडलेले चेहरेही आठवले. मग मी म्हणालो, "डॉक्टर, ती आजारी नाही. ती रोज सगळ्यांत पुढे असते. मी खोटं लिहिलंय. रोज."

आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत, मधे अरबी, मधे हिंदी घालत मी त्यांना गोठ्याच्या दारात उभी असलेली माझी आई सांगितली.

ते मला अडवत नव्हते. संपल्यावर त्यांनी फोटो हळूच खाली ठेवला. "माझे वडीलही उंट मोजत नसत," ते म्हणाले. "कुणी विचारलं की म्हणायचे, अल्लाने दिलेत तेवढे. पण माझे वडील सरकारी कागद भरत नव्हते."

त्यांनी फाटक्या कानाच्या फोटोवर बोट टेकवलं.

"एका आकड्यासाठी मी उद्या तिला मारली असती. तुला कळतंय ना?"

"कळतंय."

"खलास. गाइडचं काम तीन महिने बंद. टँकरवर जा, हौद घास. आणि त्याआधी हे सगळे कागद दुरुस्त कर. प्रत्येक. लाल शाईने, खाली सही करून."

घरी पाठवलं नाही. मला वाटलं होतं त्याहून फार थोडक्यात निभावलं. दोन दिवस मी कागदांच्या गठ्ठ्यापुढे बसलो. बावीस खोडायचं, तेवीस लिहायचं, सही करायची. वर्षभराच्या प्रत्येक दिवशी मी तिला बाहेर ठेवलं होतं, तिला एकेका कागदावर परत आत घेतलं. पहिल्या काही कागदांवर पुरा आकडा लिहिला की तो लगेच तळहाताने झाकायचो. मग शंभरेक कागदांनंतर बोटं दुखू लागली आणि भीतीला जागा उरली नाही. काका अधूनमधून दारातून डोकावून, काय रे, झाली का देवपूजा, असं विचारून जायचे.

मार्चच्या शेवटी सगळ्यांत आधी ती व्याली. मी हौद घासत होतो, तेव्हा काकांनी लांबून हात केला. बोरीखाली ती उभी होती आणि पायांशी दोन पाडसं. एकाची वाट बघत होतो, निघाली जुळी. त्या दिवसाचा कागद भरायला डॉक्टरांनी मलाच बोलावलं. पेन पुढे केलं आणि बघत उभे राहिले. मी एकपासून सुरुवात केली, लाभ म्हटलं नाही, आणि पंचवीस लिहिलं. त्यानंतरचा महिनाभर रोज सकाळी आधी ती दोन पाडसं शोधायचो आणि सापडली की मगच चहा प्यायचो. दोन्ही जगली. शुक्रवारी पुणेकरांनी त्यांचे फोटो काढले आणि मला तीन चकल्या दिल्या.

त्या वर्षी पावसाळा सरल्यावर मी लीव्हवर गावी गेलो. फोटो बरोबर नेले होते. पडवीत बसून आईला एकेक दाखवले. ही म्हातारी, ही भांडकुदळ, ही फाटक्या कानाची. तिच्यामुळे काय झालं तेही सांगितलं, थोडं हसत, थोडं तिला लागावं म्हणून. तुझ्या लाभापायी माझी नोकरी जात होती, असंसुद्धा म्हणालो.

आई फोटो डोळ्यांजवळ धरून बघत होती. "ही खंयची, बोकडीसारखी?" एवढंच म्हणाली.

मग इतकी वर्षं पोटात ठेवलेलं मी विचारलं. "आये, तू माका कधीच कित्याक मोजलंस नाय? थोरल्यांक मोजी होतंस."

तिने फोटो माझ्या हातात परत दिला. पदराने हात पुसले, ते कोरडेच होते.

"तुज्या आदी एक झिल झालेलो," ती म्हणाली. "वरसाचो होवन गेलो. तेका मी मोजललंय. सगळ्यांक सांगी होतंय, चार, चार." मग म्हणाली, "तू रवाक व्हयो म्हणान."

तू राहावास म्हणून. मला त्या भावाबद्दल घरात कधी कुणी सांगितलं नव्हतं. थोरली तिघं हाकेच्या अंतरावर नांदत होती. ज्याला न मोजता जपलं तो मात्र समुद्रापलीकडे जाऊन हरणं मोजत होता. फोटो रुमालात गुंडाळून ठेवले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरातली नवी सून पाया पडायला आली. आईने तिला बसवलं, गूळपाणी दिलं. मुलगी लाजत लाजत चौकशी करत होती. काकी, तुम्हाला मुलं किती, तिने विचारलं.

मी तिच्या समोरच, आईच्या शेजारी बसलो होतो.

"तीन," आई म्हणाली.

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी पाहुणा असल्यासारखा खाली बघून पाणी प्यायलो.